बॅटरीचं झाकण उघडू द्या

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

इलेक्ट्रिक मोटारींवर आपल्या दैनिकात जे काही छापून येतं ते मी आवर्जून वाचते. एका चार्जिंगमध्ये गाडी किती किलोमीटर जाते, किती मिनिटांत चार्ज होते, कोणत्या कंपनीने कोणाला मागे टाकलं, हे त्यात असतं. पण हीच गाडी दहा वर्षांची झाली की ती कोण दुरुस्त करणार आणि कोणाला करू दिली जाणार, हा प्रश्न क्वचितच येतो. मी मोटार दुरुस्तीचं गॅरेज चालवते. वडिलांच्या हाताखाली पान्हे पुसत शिकले, पुढे वायरिंगच्या कामात हात बसला, आणि आता आमच्याकडे येणाऱ्या इलेक्ट्रिक गाड्या मीच बघते. या कामात जे रोज दिसतं ते आपल्या वाचकांपुढे मांडावं म्हणून हे पत्र लिहिते आहे.

आधीच सांगते, इलेक्ट्रिक गाडीला माझा विरोध नाही. पेट्रोलमधल्या शक्तीचा मोठा हिस्सा उष्णता होऊन रेडिएटर आणि सायलेन्सरवाटे निघून जातो, चाकापर्यंत जेमतेम पाव हिस्सा पोचतो. बॅटरीवरच्या गाडीत हेच प्रमाण तीन-चतुर्थांशाच्या वर असतं. बंद शेडमध्ये गाड्या रेस करून करून ज्यांची छाती धुराने भरून आली अशी माणसं मी जवळून पाहिली आहेत. धूर न सोडणारी गाडी मला मनापासून हवी आहे. आणि ती आलेलीच आहे. २०२४ साली जगभरात, प्लग-इन हायब्रिड (प्लग लावून चार्ज होणाऱ्या, पण पेट्रोलवरही चालणाऱ्या गाड्या) धरून, १ कोटी ७० लाखांहून अधिक इलेक्ट्रिक मोटारी विकल्या गेल्या. म्हणजे विकलेल्या दर पाच नव्या मोटारींमागे एकीहून जास्त. नॉर्वेत त्या वर्षी दर दहा नव्या मोटारींपैकी जवळपास नऊ निव्वळ बॅटरीवरच्या होत्या.

‘ताई, आता तुमच्या धंद्याचं काय?’ असं गिऱ्हाईक काळजीने विचारतात. काही कामं गेली ती गेलीच. ऑइल-फिल्टर बदलणं, प्लग, टायमिंग बेल्ट, क्लच प्लेट, सायलेन्सर, इंजेक्टर साफ करणं, हे सगळं या गाडीत नाही. ज्या मिस्त्रीने जन्मभर फक्त इंजिन बांधलं त्याचे दिवस कठीण आहेत, आणि त्याला नवं शिकवण्याची जबाबदारी कोणी घेत नाही याचं मला फार वाईट वाटतं. पण कामच संपलं, असं कोणी समजू नये. ही गाडी वजनाला जड आणि ॲक्सिलरेटर दाबताच पूर्ण ओढ देणारी, त्यामुळे टायर लवकर झिजतात. सस्पेन्शनचे बुश, बॉल जॉइंट, चाकाची बेअरिंग, ॲक्सलचे जॉइंट पूर्वीसारखेच खराब होतात. पाय काढला की मोटरच जनरेटर होऊन गाडी आवरते, म्हणून ब्रेक पॅड कितीतरी वर्षं पुरतात. पण ब्रेक फारसे वापरातच नसल्यामुळे कॅलिपरच्या पिना गंजून धरतात, त्या काढून, घासून, ग्रीस लावून पुन्हा बसवाव्या लागतात. बऱ्याच गाड्यांत एसीचा कॉम्प्रेसर माणसांबरोबर बॅटरीलाही थंड ठेवतो. तिथला गॅस गळला की फास्ट चार्जिंग मंदावतं, आणि मालक चार्जरला दोष देत बसतो.

आणखी एक गोष्ट अनेक मालकांना ठाऊक नसते. इलेक्ट्रिक गाडीतही साधी १२ व्होल्टची छोटी बॅटरी असते. मोठ्या बॅटरीला मोटरशी जोडणारे काँटॅक्टर, म्हणजे विजेवर चालणारे मोठे स्विच, तिच्या जोरावर ओढले जातात. ती बसली की मोठी बॅटरी काठोकाठ भरलेली असली तरी गाडी जागची हलत नाही. अशा गाड्या टो करून आमच्याकडे येतात, मालकाचा चेहरा उतरलेला असतो, आणि छोटी बॅटरी बदलली की गाडी चालू होते.

इथवरचं काम आम्ही आजही बिनबोभाट करतो. घोडं अडतं ते मोठ्या बॅटरीपाशी.

एक उदाहरण देते. निवृत्त झालेल्या एका गृहस्थांची इलेक्ट्रिक गाडी आमच्याकडे आली. वॉरंटी नुकतीच संपलेली. चार्जचा काटा निम्म्यावर असताना अचानक खाली यायचा आणि चढावर गाडी रांगायला लागायची. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरने सांगितलं होतं की पूर्ण पॅक, म्हणजे अख्खी मोठी बॅटरी, बदलावा लागेल. त्याचा खर्च जुन्या गाडीच्या किमतीहून जास्त होता. त्यांनी गाडी भंगारात द्यायचं जवळजवळ ठरवलं होतं. नशिबाने त्या मॉडेलच्या बॅटरीचे आकडे बाहेरच्या ॲडॉप्टरने वाचता येतात. पॅकमध्ये सेलच्या ९६ जोड्या एकापुढे एक जोडलेल्या होत्या. गाडी उभी असताना सगळ्या जोड्यांचा व्होल्टेज जवळजवळ सारखाच दिसत होता. मग त्या गृहस्थांनाच स्टिअरिंगवर बसवलं, मी शेजारी आकडे बघत बसले, आणि चढावर त्यांना ॲक्सिलरेटर दाबायला लावला. बाकीच्या जोड्या थोड्याशा खाली आल्या आणि स्थिर राहिल्या. एकच जोडी धाडकन कोसळली. पाय काढला की ती हळूहळू वर यायची, दाबला की पुन्हा कोसळायची.

बॅटरीवर नजर ठेवणारी यंत्रणा सगळ्यांत दुबळ्या सेलकडे बघून निर्णय घेते, आणि घ्यायलाच हवा. एक जोडी खालच्या मर्यादेला टेकली की ती गाडीची ओढ कमी करते, मग उरलेल्या ९५ जोड्यांत निम्मी वीज शिल्लक का असेना. म्हणजे पॅक मेलेला नव्हता. त्यातला एक लहानसा तुकडा थकला होता.

पॅक उतरवला तेव्हा मी कोणालाही घाई करू दिली नाही. छोटी बॅटरी सोडवली, मोठ्या बॅटरीची वीज तोडणारा सर्व्हिस प्लग काढून स्वतःच्या खिशात ठेवला, म्हणजे दुसरं कोणी तो चुकूनही परत लावणार नाही. मोटरला वीज पुरवणाऱ्या इन्व्हर्टरमधले कपॅसिटर वीज धरून ठेवतात, ते रिकामे व्हायला वेळ दिला, मग मीटर लावून खरोखर शून्य आलंय का ते पाहिलं. हातात हजार व्होल्टचे रबरी मोजे, त्यांवर कातडी मोजे. अंगठी, घड्याळ काढून ठेवलेलं. प्लग काढल्यावर मोठ्या बॅटरीची वीज नेणाऱ्या बाहेरच्या नारिंगी केबलींत वीज नसते. पॅकच्या आत मात्र प्रत्येक मॉड्यूल, म्हणजे काही सेलांचा एक गठ्ठा, जिवंतच असतं, ते कोणालाही बंद करता येत नाही. म्हणून मॉड्यूलं जोडणाऱ्या जेवढ्या पट्ट्या सोडवल्या तेवढ्यांची टोकं लगेच झाकत गेलो. अपघातात मोडलेल्या त्याच मॉडेलच्या गाडीतलं एक मॉड्यूल मिळवलं होतं. ते बसवण्याआधी त्याचा व्होल्टेज बाकीच्यांच्या बरोबरीला आणला. पट्ट्यांचे नट टॉर्क पान्ह्यानेच आवळले, कारण एखादा सैल राहिला तर तिथेच तापतं आणि आग लागू शकते. झाकण नव्या सीलंटने बंद करून गळती तपासली. ती गाडी आज रस्त्यावर आहे.

हे सांगण्यात फुशारकी नाही. हे काम जमलं, कारण त्या पॅकचं झाकण बोल्टचं होतं, आत मॉड्यूल सुटी होती आणि आकडे बाहेरून वाचता येत होते. आता येणाऱ्या अनेक गाड्यांत या तिन्ही गोष्टी राहिलेल्या नाहीत, आणि माझी तक्रार नेमकी ही आहे.

आकड्यांपासून सुरुवात करते. स्टिअरिंगखाली १६ पिनांचं एक सॉकेट असतं, त्यात आम्ही स्कॅनर लावतो. अमेरिकेत १९९६ पासून ते प्रत्येक नव्या मोटारीला सक्तीचं झालं, युरोपात पेट्रोल गाड्यांना २००१ पासून. आमच्यासारख्या छोट्या गॅरेजला त्याने जगवलं. स्कॅनरवर पी०३०१ हा कोड आला की पहिला सिलिंडर मिसफायर करतोय, मग गाडी कोणत्याही कंपनीची असो. मिस्त्रीला प्रत्येक कंपनीची मनधरणी करावी लागत नाही. पण ही सक्ती मुळात धुरावर लक्ष ठेवण्यासाठी आली होती. इलेक्ट्रिक गाडीला धूरच नाही, त्यामुळे ती सक्ती तिच्यावर तशी लागू पडत नाही. बॅटरीची ताकद किती उरली, कोणता सेल मागे पडतोय, ती किती वेळा तापली, हे प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने साठवते आणि वाटलं तर दाखवते. सेकंडहँड इलेक्ट्रिक गाडी घेणारा आज किलोमीटरचा काटा बघून पैसे मोजतो. पण तो काटा बॅटरीविषयी जवळजवळ काहीच सांगत नाही. सतत फास्ट चार्जिंगवर आणि कडक उन्हात काढलेली कमी चाललेली गाडी, जपून वापरलेल्या जास्त चाललेल्या गाडीपेक्षा वाईट असू शकते.

मग येतं सॉफ्टवेअरचं कुलूप. काही गाड्यांत सुटा भाग अचूक बसवला तरी गाडी तो स्वीकारत नाही. कंपनीच्या सर्व्हरवरून त्या भागाचा नंबर गाडीशी जुळवून घ्यावा लागतो, आणि ते लॉगिन फक्त अधिकृत केंद्राकडे असतं. सगळं काम नीट करून गाडी शेवटी टो करून केंद्रात न्यायची आणि तिथे चार कळा दाबून घ्यायच्या, ही वेळ आमच्यावर आलेली आहे. गाडी मालकाची, मग तिची किल्ली तिसऱ्याच्या खिशात का?

तिसरी गोष्ट बांधणीची. पूर्वी सेलांचं मॉड्यूल आणि मॉड्यूलांचा पॅक अशी रचना असायची. आता मधली पायरी गाळून सेल थेट पॅकमध्ये बसवतात, काही ठिकाणी ते फोम आणि गोंदाने असे चिकटवतात की पॅकच गाडीचा सांगाडा बनतो. त्यामागचं तंत्र मला समजतं. वजन घटतं, त्याच जागेत जास्त वीज मावते, गाडी स्वस्त पडते. टेस्लाने मागच्या बाजूचे जवळपास ७० सुटे भाग काढून एकच मोठं ओतीव काम आणलं, त्याचंही कौशल्य मान्य करायलाच हवं. पण असं ओतीव काम तडकलं तर आमच्या डेंटरने कुठे हात घालायचा? गोंदातला एक सेल गेला तर तो कसा काढायचा? दगडाला घासून पॅकचं तळ चेपलं, आतल्या नुकसानीचा अंदाज कोणालाच बांधता येत नाही, म्हणून विमा कंपनी अख्खी गाडी मोडीत काढते, असं होऊ लागलं आहे. आत कदाचित एकाही सेलला धक्का लागलेला नसतो.

मोटारीचा इतिहास वाचताना मला एक प्रसंग फार आवडला होता. १९०८ साली ब्रिटनच्या रॉयल ऑटोमोबाइल क्लबने कॅडिलॅकच्या तीन गाड्या पूर्ण खोलल्या, सगळे भाग एकमेकांत मिसळून टाकले आणि त्या ढिगाऱ्यातून पुन्हा तीन गाड्या बांधायला लावल्या. गाड्या उभ्या राहिल्या, ब्रूकलँड्सच्या ट्रॅकवर पाचशे मैल धावल्या, आणि कंपनीला त्या क्लबची ड्यूअर ट्रॉफी मिळाली. एका गाडीचा भाग दुसरीला चालतो हे तेव्हा सिद्ध करून दाखवावं लागत होतं. (याच कॅडिलॅकने १९१२ साली इलेक्ट्रिक सेल्फ-स्टार्टर आणला. हँडल मारायची कटकट संपली आणि त्या काळच्या इलेक्ट्रिक मोटारींचं एक मोठं आकर्षण संपलं.) सुटा भाग आणि तो बसवणारा हात, या दोन गोष्टींवर मोटार घराघरांत पोचली. तिसऱ्या-चौथ्या मालकाकडे जाऊन ती सामान्य माणसाची झाली. नवी गाडी ज्याला कधीच परवडत नाही, अशा माणसाला ही जुनी गाडीच मोटारीची पहिली ओळख असते. इलेक्ट्रिक गाडी त्याच्यापर्यंत पोचली नाही तर हा बदल फक्त पैसेवाल्यांपुरता राहील.

कंपन्या सुरक्षिततेचं कारण पुढे करतात. त्यात तथ्य आहे आणि ते मी हलक्यात घेत नाही. चारशे व्होल्ट, काही गाड्यांत आठशे. एक निष्काळजी हात आणि माणूस जागीच जाईल. न शिकलेल्या पोराला मी नारिंगी केबलीजवळ उभंसुद्धा राहू देत नाही. पण विहीर खोल आहे म्हणून आपण कठडा बांधतो, ती बुजवत नाही. प्रशिक्षण सक्तीचं करा, परीक्षा घ्या, परवाना द्या, मोजे आणि हत्यारं नसलेल्या गॅरेजला हात लावू देऊ नका. त्या परीक्षेला सर्वांत आधी मी बसेन. मात्र परीक्षा पास झालेल्या माणसाला माहिती, सुटे भाग आणि सॉफ्टवेअरचा प्रवेश द्यायलाच हवा. आणि एक गोष्ट विसरू नका. अधिकृत दार बंद केलं तरी लोक झाकण उघडणारच, फक्त तेव्हा ते चोरून, पुस्तकाशिवाय आणि मोज्यांशिवाय उघडतील.

पर्यावरणाच्या बाजूनेही बघा. इलेक्ट्रिक गाडी कारखान्यातून निघते तेव्हा तिच्या डोक्यावर पेट्रोल गाडीहून जास्त कार्बनचं ओझं असतं, मुख्यतः बॅटरीमुळे. चालता चालता ती हे ओझं फेडते आणि मग दर किलोमीटरला फायद्यात राहते. म्हणजे तिचं सगळं पुण्य ती किती वर्षं चालते यावर अवलंबून आहे. बॅटरीतला कोबाल्ट बहुतांशी काँगोच्या खाणींतून येतो, तिथल्या माणसांनी तो कोणत्या हालात काढला हे जगाला माहीत आहे. लोह-फॉस्फेटच्या बॅटरीत कोबाल्ट आणि निकेल लागत नाही, ही चांगली गोष्ट. लिथियम आणि तांबं मात्र तिलाही लागतंच. एका दुबळ्या जोडीपायी असा शेकडो किलोंचा पॅक मोडीत काढणं मला पाप वाटतं. ‘रिसायकल करू’ हे उत्तर मला पुरत नाही. रिसायकलिंगमध्ये सेल दळून त्याची काळी भुकटी करतात आणि त्यातून धातू वेगळे काढतात. धातू परत मिळतो, पण सेल बनवण्यात गेलेली वीज आणि मेहनत वाया जाते. आधी दुरुस्ती, मग घरासाठी वीज साठवण्यासारखं दुसरं काम, आणि अगदी शेवटी रिसायकलिंग, हा क्रम हवा.

हे अशक्य नाही, कारण काही ठिकाणी पावलं पडली आहेत. युरोपीय संघाने २०२३ साली बॅटरीविषयी जो कायदा केला त्यानुसार बॅटरीच्या तब्येतीचे आकडे तिच्या यंत्रणेत ठेवणं आणि ते मालकाला वाचू देणं बंधनकारक झालं आहे. फेब्रुवारी २०२७ पासून तिथे विकल्या जाणाऱ्या प्रत्येक इलेक्ट्रिक मोटारीच्या बॅटरीला डिजिटल पासपोर्ट, म्हणजे तिच्या माहितीची इलेक्ट्रॉनिक नोंद, लागेल. संयुक्त राष्ट्रांच्या मंचावर २०२२ मध्ये ठरलेल्या जागतिक तांत्रिक नियमात बॅटरीने ५ वर्षं किंवा १ लाख किलोमीटरनंतर ८० टक्के आणि ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरनंतर ७० टक्के क्षमता राखावी असं म्हटलं आहे. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये २०२० साली गाडीचा वायरलेस डेटा मालकाला आणि त्याच्या पसंतीच्या गॅरेजला मिळावा, या प्रस्तावाच्या बाजूने तीन-चतुर्थांश मतदार उभे राहिले. वाहन उत्पादकांची संघटना त्याविरुद्ध कोर्टात गेली, यावरून ही माहिती किती मोलाची आहे ते कळतं. तरीही यातल्या कोणत्याच नियमाने चिकटवलेला पॅक सुटा होत नाही, आणि टिकाऊपणाची हमी म्हणजे दुरुस्तीचा हक्क नव्हे. आठ वर्षांची वॉरंटी संपल्यावर, नवव्या वर्षी गाडी घेऊन माणूस माझ्या दारात उभा राहतो. त्या वर्षाबद्दल कोणीच बोलत नाही.

संपादक महोदय, आपल्याकडे एक विनंती आहे. आपल्या दैनिकात नव्या गाडीची ओळख देताना जो तक्ता छापता, त्यात वेग, रेंज आणि चार्जिंगच्या वेळेखाली आणखी काही ओळी घाला. पॅक उघडता येतो का? मॉड्यूल सुटं विकत मिळतं का? बॅटरीची उरलेली क्षमता मालकाला स्वतःच्या पडद्यावर दिसते का? बाहेरच्या प्रशिक्षित गॅरेजला सॉफ्टवेअर मिळतं का? वॉरंटी संपल्यावर किती वर्षं सुटे भाग देण्याचं कंपनीने लेखी कबूल केलं आहे? हे प्रश्न आपल्या प्रतिनिधीने कंपनीला विचारावेत. उत्तर आलं नाही तर त्या ओळीसमोर ‘उत्तर दिलं नाही’ असं छापावं.

आपली विश्वासू,
एक गॅरेजचालक